नवीन हार्डवेअर सापडलं आहे

नवरात्र बसलं की मला एका जागी बसवत नाही. ऊन तापतं, संध्याकाळी वारा सुटल्यासारखा वाटतो आणि सुटत काही नाही, मंडईबाहेर झेंडूचे ढीग लागतात, आणि माझ्या पायांना घरातल्या घरात चाळे सुचतात. चहा टाकते आणि तो उकळायच्या आत गॅलरीत जाते. गॅलरीतून परत येऊन मेल बघते. मेलमध्ये एक संपादक गेल्या आठवड्यापासून 'ताई, राशिभविष्य आज नक्की' असं लिहितोय. दिवाळी अंकांचा हंगाम आहे. दिवाळी म्हटलं की लोकांना चकल्या आठवतात, मला राशिभविष्य आठवतं, कारण बाकी सगळा अंक लागून तयार असला तरी ते आलेलं नसतं. बारा राशींचं वर्षभराचं भविष्य सांगणाऱ्या माणसाला स्वतःचा मजकूर कधी हाती पडेल एवढं मात्र सांगता येत नाही.

मी अक्षरजुळणी करते, पानं लावते. लोक डीटीपी म्हणतात. जन्म हिंगणघाटचा, पण इतकी वर्षं विश्रांतवाडीत काढल्यावर 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' असं कोणी विचारलं की मी क्षणभर अडखळते. अडखळण्यासारखं त्यात काही नाही. पण या दिवसांत मला साध्या प्रश्नांचीसुद्धा धास्ती वाटते. याचं कारण मला पक्कं माहीत आहे आणि ते मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. अशाच एका हंगामात, दसऱ्याच्या आसपासच्या तीन दिवसांत, मी एका भल्या माणसाचं नाव घालवलं. त्याने काहीही केलं नव्हतं. केलं होतं मी, आणि विचारल्यावर मी 'नाही हो' म्हणाले होते.

यंदा ते सगळं वर यायला निमित्त झालं एका दीर्घकथेचं. एका अंकाला ती पुन्हा छापायची आहे. पंचवीस-एक वर्षांपूर्वी मीच लावलेली कथा, आणि तिची फाइल माझ्याकडच्या एका जुन्या मशीनमध्ये आहे. पिवळा पडलेला सीपीयू, पोट सुटलेला मॉनिटर. माझ्या पहिल्या नोकरीतले मालक नेनेकाका, त्यांनी दुकान बंद केलं तेव्हा ते मला म्हणाले होते, "वानखेडे, हे आपण घेऊन जा. आमच्याकडे ते पाहायला कोणी येत नाही, आणि आम्हालाही." ते मशीन तेव्हापासून आतल्या खोलीत चादर पांघरून आहे. छापील अंक समोर ठेवून कथा पुन्हा टाइप केली असती तर दोन दिवसांत हातावेगळी झाली असती, हे मलाही कळतं. संपादक तेच म्हणाला. पण मी म्हटलं, नाही, फाइल काढूनच देते. कशासाठी हा हट्ट, देव जाणे. देव कशाला, मीच जाणे.

चादर काढली, धूळ पुसली, बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, आत काहीतरी टकटकलं, आणि पडद्यावर पाटी आली. नवीन हार्डवेअर सापडलं आहे. पाटी इंग्रजीत येते, पण मला ती मराठीतच ऐकू येते, तीही नेनेकाकांच्या आवाजात. मी पुढे जायचं बटण दाबलं. मशीनने शोधलं, मागितलं, मिळालं म्हणालं, बंद होऊन चालू झालं आणि पुन्हा तीच पाटी. तीनदा केलं. तिसऱ्यांदा मी खुर्चीतून उठले ती सरळ जिना उतरून रस्त्यावर गेले, कोपऱ्यापर्यंत जाऊन काहीही न घेता परत आले. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "काय हो, काही हरवलं का?" मी म्हटलं, "नाही हो." आणि ते दोन शब्द ऐकून माझेच कान तापले.

*

नेनेकाकांचं दुकान मंडईच्या मागच्या एका बोळात होतं. दुकान म्हणजे एक खोली. खोलीत एक मशीन, एक स्कॅनर, एक लेझर प्रिंटर, एक नेनेकाका आणि एक मी. सकाळी मंडईतल्या कोथिंबिरीचा आणि सडक्या टोमॅटोचा वास खिडकीतून आत यायचा आणि दुपारपर्यंत प्रिंटरच्या तापलेल्या कागदाचा वास त्याला बाहेर ढकलायचा. काका स्वतःचा दिवाळी अंक काढायचे. वर्षभर लग्नपत्रिका, अहवाल, कोणाकोणाच्या षष्ट्यब्दीच्या स्मरणिका, आणि श्रावण संपला की अंक. अंकाच्या दिवसांत ते माझ्याशी बोलायचे ते फक्त पानांच्या आकड्यांत.

मी नवीनच आले होते. विश्रांतवाडीला मामाकडे राहायचे, दोन बस बदलून यायचे. आल्या दिवशी काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "वानखेडे म्हणजे आपण कुठल्या? नागपूरकडच्या?" मी म्हटलं, वर्धा जिल्हा. "म्हणजे तेच," ते म्हणाले. पुणं नव्या माणसाची अशी नोंद करून घेतं. एकदा विचारतं, एका खणात टाकतं आणि मग वर्षानुवर्षं त्या खणात हात घालत नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण माझी खरी काळजी वेगळीच होती. बाबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "दिवाळीपावतर राय. नोकरी पक्की झाली त ठीक, नाही त वापस ये." वापस म्हणजे लग्न. आणि काका म्हणाले होते, "अंक वेळेवर बाहेर पडू दे, मग आपल्या पक्केपणाचं पाहू." एकशे ब्याण्णव पानांवर माझं पुणं अवलंबून होतं. तेव्हा मला झोपेतही पानं लागायची.

आणि सोनवणेदादा. मशीनचं काही झालं की यायचे ते. आंबेगावाकडून लुनावर यायचे, शर्टाच्या खिशात चार स्क्रू ड्रायव्हर आणि एक छोटी वही. हसतमुख माणूस, पण हात मात्र कमालीचा गंभीर. स्क्रू फिरवताना बोलायचे नाहीत. एकदा सीपीयू उघडा असताना आतल्या एका कार्डाकडे बोट दाखवून मी विचारलं, या कार्डावर ही एवढीशी काळी टोपी कशाला? तर त्यांनी काम थांबवून मला खुर्चीवर बसवलं आणि सगळं समजावलं. असं मला पुण्यात तोवर कोणीच समजावलं नव्हतं.

"हे बगा ताई. मशीन चालू झालं की हाळी देतं, कोण कोण आलंय, कुटं बसलाय. नवी कार्डं असत्यात ती वळखून बोलत्यात, मी अमुक, मला तमुक जागा द्या. मशीन देतं. पण हे स्कॅनरचं कार्ड हाय जुनं. ह्याला बोलता येत न्हाई. ही टोपी ज्या दोन काट्यांवर बसवायची, तेच ह्याचं बोलणं. ती तिथनं हलली की ह्याचा नंबर बदलला, आणि त्यो दुसऱ्या कुणाचा असला की दोगं बी मुकी."

मग त्यांनी मशीनच्या सेटिंगमध्ये तो नंबर राखून ठेवलेला दाखवला. हाळी देताना मशीनने तो दुसऱ्या कोणाला वाटू नये म्हणून. आणि वहीत लिहून घेतलं: नेने, स्कॅनर कार्ड, टोपी डावीकडून दुसरी. अक्षर बाळबोध, पण एक रेघ वाकडी नाही. "आता ह्याला कोण हात लावत न्हाई तवर दहा वर्सं बगायला नको," असं म्हणून त्यांनी सीपीयू बंद केला. त्यांना स्वतःच्या कामाचा असा आनंद व्हायचा.

*

आता सगळं आपोआप होतं. काहीही आणा, कुठेही खुपसा, चालतं. पेन ड्राइव्ह उलटा घातला तर घुसत नाही एवढीच काय ती चूक करायची मुभा उरली आहे. कोणाला आपली जागा सांगावी लागत नाही, कोणी जागा राखत नाही. बरंच आहे म्हणा. पण मला त्या जुन्या कार्डाची दया येते. त्याला कोणी हलवलं, कुठे ठेवलं, त्याला सांगता येत नाही, आणि पडद्यावर मात्र मशीन निरागसपणे विचारत राहतं की हा नवीन कोण आलाय. जाऊ दे. मी हे काय लिहीत बसले आहे, सांगायचं ते सांगायचं सोडून!

*

खंडेनवमी. पुण्यात काय करतात, तर हत्यारांवर, यंत्रांवर दोन फुलं वाहतात, हळदकुंकवाचं बोट लावतात, नमस्कार करतात. काका आदल्या दिवशी म्हणाले होते, "वानखेडे, उद्या मी प्रेसमध्ये आहे. आपण दोन झेंडू वाहा आणि घरी जा. पूजेला लावलेलं यंत्र उद्या चालवायचं नाही." पण आमच्याकडे असं नसतं. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. खंडेनवमीला ते यंत्राचे जमतील तेवढे भाग खोलायचे, घासायचे, पुसायचे, तेल द्यायचे, पुन्हा जोडायचे आणि मग पूजा. वरवर हळदकुंकू लावणं म्हणजे आंघोळ न करता अत्तर लावण्यासारखं आहे, असं त्यांचं मत. लहानपणापासून मी त्यांच्या हाताखाली पान्हे पुसलेले. पहिल्या नोकरीतली पहिली खंडेनवमी, आणि मी दोन झेंडू टाकून घरी जाणार? छट्!

मी सीपीयू उघडला. आत धुळीचे लोकरीसारखे गोळे. जुना रंगाचा ब्रश घेऊन आलेच होते. एकेक कार्ड हळूच काढलं, पुसलं, ओळीने वर्तमानपत्रावर मांडलं. काय सुख होतं त्यात! घरी असल्यासारखं वाटत होतं. प्रत्येक कार्ड ज्याच्या त्याच्या खाचेत परत घातलं, त्यात मी एकही चूक केली नाही, आजही शपथेवर सांगेन. फक्त स्कॅनरचं कार्ड घासताना ब्रशच्या केसात काहीतरी अडकलं आणि टक् करून फरशीवर पडलं. उडदाच्या दाण्याएवढी ती काळी टोपी. मी गुडघ्यावर बसून ती शोधली, मिळाली, जीव भांड्यात पडला. आणि मग कार्डाकडे पाहिलं. काट्यांच्या सहा जोड्या. डावीकडून दुसरी म्हणाले होते की उजवीकडून? आणि कार्ड तर मी उलटं धरलं होतं. मी एका जोडीवर ती बसवली. अंदाजाने. बसली तेव्हा बरोबर बसल्यासारखीच वाटली.

मग कव्हर लावलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा लहानसा हार घातला. फार सुंदर दिसत होतं मशीन.

*

दसऱ्याच्या सकाळी काकांनी बटण दाबलं आणि पाटी आली. नवीन हार्डवेअर सापडलं आहे. काका म्हणाले, "अरे वा. आमचं जुनं सापडलं तरी चालेल." मग मराठीचं सॉफ्टवेअर उघडायला गेले तर ते म्हणे, कुलूप मिळत नाही. तेव्हा मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरला खरोखरचं कुलूप असायचं, काडेपेटीएवढा ठोकळा, मशीनच्या मागे, प्रिंटरची वायर जोडायच्या तोंडात लावायचा. तो नसला तर एक अक्षर दिसायचं नाही. आता ठोकळा जागेवर होता, पण प्रिंटर आणि स्कॅनरचं कार्ड एकाच नंबरवर येऊन बसले होते आणि दोघांचीही वाचा गेली होती. हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की एकशे ब्याण्णव पानं आत आहेत आणि आपण बाहेर आहोत.

सोनवणेदादा दुपारी आले. नवा शर्ट, कपाळाला टिळा. घरी पाहुणे जेवायला थांबले होते. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांत आधी तो प्रश्न विचारला. माझ्याकडे वळून, नेहमीच्या हसऱ्या तोंडाने.

"ताई, सीपीयू उगडला व्हता का कुणी?"

काका तिथेच उभे होते. माझ्या डोळ्यांपुढे बाबांचा फोन आला, मामाचं घर आलं, बॅग आली. आणि मी म्हणाले, "नाही हो. बाहेरूनच पूजा केली."

इतक्या सहज बोलले की मीच चकित झाले. दादांनी मान हलवली. झालं, त्यांच्या दृष्टीने विषय संपला. कोणी उघडलेलं नाही म्हणजे आतलं त्यांचं स्वतःचं आहे, तसंच आहे, तिथे पाहायचं कारण नाही. त्यांनी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला आणि सगळीकडे शोधलं, फक्त जिथे होतं तिथे सोडून. मशीनला काय काय जोडलंय त्याच्या पडद्यावरच्या यादीतून एकेक गोष्ट काढली, मशीन बंद केलं, चालू केलं, पाटी आली. पुन्हा काढली, पुन्हा आली. मी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, पंखा त्यांच्याकडे वळवला. सगळं केलं, एक सोडून. चार वाजता काका म्हणाले, "सोनवणे, आपण दसऱ्याला सोनं लुटायला आलात की आमचा अंक?" दादा हसले, पण त्यांच्या नव्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

दुसऱ्या दिवशी काकांनी दुसरा इंजिनिअर आणला. टाय लावलेला. दादाही आले होते, त्यांना राहवलं नाही. टायवाल्याने पहिलं काम काय केलं असेल तर कव्हर काढलं, टॉर्च मारला आणि त्या काळ्या टोपीवर बोट ठेवलं. "हा जंपर कोणी लावलाय?"

दादा वाकले. पाहिलं. खिशातून वही काढली, पान उघडलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं. त्या वेळी त्यांचा चेहरा मी पाहिला. पाहायला नको होता, पण पाहिला. वहीत डावीकडून दुसरी. कार्डावर चौथी.

"मीच लावला," ते म्हणाले. मग म्हणाले, "पर मग इतके म्हैने चाललं कसं?"

"चालतं हो काही दिवस," टायवाला म्हणाला, "नशिबावर." त्याने चिमट्याने टोपी उचलली, दुसरीवर ठेवली. पाच मिनिटांत पानं उघडली. काकांनी दादांकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सोनवणे, लिहिता आपण छान. वहीचाच धंदा करा."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. माझ्या पायांत आणि दारात चार पावलांचं अंतर होतं आणि माझ्या तोंडात आणि शब्दांत तेवढंही नव्हतं. दादा म्हणाले, "चुकलं आसंल माझं, काका. हातानं चुकलं आसंल." माफी मागून गेले. जाताना मला म्हणाले, "येतो ताई." लुना दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा सुरू झाली. मी पानं लावायला बसले.

*

अंक वेळेवर बाहेर पडला. मी पक्की झाले. बाबा पुण्याला येऊन दुकान पाहून गेले, काकांनी त्यांना 'आपली मुलगी कामाला चोख आहे' असं सांगितलं, आणि मी खाली मान घालून उभी होते तो बाबांना माझा विनय वाटला. माझं पुढचं सगळं, ही खोली, हे काम, हे नाव, त्या एका 'नाही हो'वर उभं आहे.

काका काही दुष्ट नव्हते. पण बोळात एकाला सांगितलं की सगळ्यांना कळतं. बाइंडरने ऐकलं, प्रेसवाल्याने ऐकलं, पत्रिकावाल्याने ऐकलं. 'सोनवणे? वहीत एक आणि हातात एक.' हे एक वाक्य फिरत राहिलं. वर्षभरात दादा त्या बाजूला दिसेनासे झाले. नंतर कळलं, धनकवडीला मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात.

एकदा स्वारगेटला भेटले. मी बसच्या रांगेत, ते समोरून आले, हातात मेथीची जुडी. मला टाळायला जागा नव्हती. ते हसले. "मशीन बरं हाय ना ताई?" मी म्हटलं, "हो, बरं आहे." आत शब्द तयार होते. दादा, मी उघडला होता. पाच शब्दही नाहीत. मी म्हटलं, "तुम्ही आता रिपेअरिंगचं करत नाही?" ते आपल्या हाताकडे बघत म्हणाले, "न्हाई. एक स्क्रू लावला की तीनदा काडून बगाया लागलो. मग म्हनलं बास. भरवसा न्हाई ऱ्हायला." बस आली. मी चढले. खिडकीची जागा मिळाली, तर मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला बसले.

त्यांचं नाव गेलं हे मला माहीत होतं. पण त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला, हे मला त्या दिवशी कळलं. नाव मी बोळात जाऊन कदाचित परत आणू शकले असते. हे कसं आणणार होते? लोक म्हणतात काळ औषध असतो. माझ्या अनुभवाने तरी नाही. दरवर्षी झेंडू आला की मी फेऱ्या मारते आणि दरवर्षी तेच दुखतं.

*

तर यंदा ते मशीन. मी कव्हर काढलं. टोपी डावीकडून दुसरी, जिथे हवी तिथेच. मग काय झालं? आतली बटणाएवढी बॅटरी मेली होती, म्हणून मशीन सगळं विसरलं होतं. कोणती जागा कोणासाठी राखली होती तेसुद्धा. घड्याळाच्या दुकानातून नवी बॅटरी आणली, बसवली. आता फक्त तो राखीव नंबर पुन्हा सांगायचा. नंबर सात-आठच असतात. एकेक लावून पाहिले असते तर अर्ध्या तासात सापडला असता.

मी बाइंडरला फोन लावला आणि सोनवणेदादांचा नंबर मागितला.

दुपारी तीनला फोन केला. पाच रिंग झाल्या. मी उभ्याने बोलत होते, कारण बसवतच नव्हतं. आवाज म्हातारा झाला होता, पण ओळखू आला. मी नाव सांगितलं. ते खूश झाले, "वानखेडेताई! कुटं असता?" मी मशीनचं सांगितलं, बॅटरीचं सांगितलं, स्कॅनरच्या कार्डाला कोणता नंबर राखला होता ते विचारलं.

ते कोरडं हसले. "मला इचारता व्हय? त्याच मशीनचं? माझ्या हाताचं झालेलं बगितलं व्हतं की तुमी."

"दादा," मी म्हटलं, "तो सीपीयू मी उघडला होता. खंडेनवमीला. पुसायला. टोपी खाली पडली. मी अंदाजाने परत घातली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, त्यांच्याकडचा की माझ्याकडचा तेही कळेना. मी खिडकीची जाळी घट्ट धरून उभी होते. फोन कट झाला असता तरी चाललं असतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरंच झालं असतं.

"कुटं घातली टोपी?" त्यांनी विचारलं.

"चौथीवर."

"मी दुसरीवरच लावली व्हती म्हंजे."

"हो. तुमचं बरोबर होतं. वहीत होतं तसंच होतं."

"मी तुमाला इचारलं व्हतं ताई," ते हळू म्हणाले. "तुमालाच इचारलं व्हतं."

"हो."

माफ करा म्हणायचं होतं, ते मी म्हटलंसुद्धा, पण ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं की नाही माहीत नाही, कारण त्यांनी फोन कानापासून लांब केला होता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज, लांबून, घरातल्या कोणालातरी मारलेली हाक, इतकी मोठी की चिरकली.

"अगं ए, हिकडं ये! ऐकलंस का? त्या दसऱ्याचं! माझ्या हातानं चुकलं नव्हतं गं! नव्हतं चुकलं!"

आणि आतून एका बाईचा आवाज, थकलेला, जराही आश्चर्य नसलेला.

"मग मी काय सांगत हुते तुमास्नी इतकी वर्सं?"

मग दोघंही एकदम बोलायला लागले. ते रडत होते. फोन ठेवायचा त्यांना राहून गेला होता, आणि मीही ठेवला नाही.